मुदत संपली म्हणून म्हणणे खोटे ठरत नाही

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले आणि हातापायांत बेड्या घालून आणलेल्या माणसांच्या बातम्या घरोघरी वाचल्या गेल्या. तेव्हापासून आमच्या कोकणात हद्दपारीच्या प्रश्नावर दोन तट पडलेले दिसतात. परक्या देशाचा कायदा मोडून राहिलेल्यांची कणव कशाला, असे एक तट विचारतो; दुसऱ्या तटाला बेड्यांमुळे देशाचा अपमान झाला, एवढेच दिसते. गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीतल्या एका वाचनालयाच्या सभागृहात याच विषयावर चर्चा ठेवली होती. बोलता बोलता आमच्याच जिल्ह्यातल्या एका मुलाचा विषय निघाला. त्याला परत न पाठवण्याबद्दलचे त्याचे अपील अमेरिकेतल्या स्थलांतर अपील मंडळाने मुदतबाह्य म्हणून फेटाळले होते. एक ज्येष्ठ गृहस्थ ठामपणे म्हणाले, “फेटाळले ना? मग खोटेच असणार.” त्यावर दुसऱ्या बाजूने आवाज आला, “तारखेसारख्या क्षुल्लक गोष्टीवरून माणसाला हाकलायचे? असल्या मुदती रद्दच केल्या पाहिजेत.” टाळ्या दोघांनाही पडल्या. मी तीस वर्षे दिवाणी न्यायालयात वकिली करतो आहे आणि ही दोन्ही विधाने मला सारखीच अस्वस्थ करून गेली. कारण पहिल्याने न झालेली सुनावणी झाली असे धरले होते आणि दुसऱ्याने न्यायदानाचा एक आधारच काढून टाकला होता.

माझे मत असे आहे की मुदत असलीच पाहिजे आणि ती सर्वांना माहीत असली पाहिजे. पण ती चुकली एवढ्याच कारणाने, हद्दपारीपासून संरक्षण मागणाऱ्या माणसाचे म्हणणे न ऐकता त्याला बाहेर काढता कामा नये. किती दिवस उशीर झाला, हे कॅलेंडर सांगते; त्यासाठी न्यायाधीश लागत नाही. न्यायाधीश लागतो तो उशीर कोणामुळे झाला आणि दार बंद केले तर काय गमावले जाईल, हे तोलण्यासाठी. आणि जो अर्ज मुदतबाह्य म्हणून परत गेला त्यातला मजकूर खोटा ठरला, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही, कारण तो मजकूर कोणी तपासलेलाच नसतो.

आधी या मुदती काय आहेत ते पाहू, कारण सभागृहात बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांची कल्पना नव्हती. अमेरिकेत आश्रय मागायचा तर पोहोचल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ही अट १९९६ च्या कायद्याने आली. हद्दपारीचा अंतिम आदेश झाल्यावर संघीय न्यायालयात दाद मागायला ३० दिवस मिळतात. प्रकरण पुन्हा उघडण्याची विनंती सर्वसाधारणपणे एकदाच आणि ९० दिवसांच्या आत करता येते. सुनावणीला गैरहजर राहिल्यास गैरहजेरीतच आदेश होतो आणि आजारपणासारख्या असाधारण कारणासाठी तो रद्द करून घ्यायला १८० दिवस असतात. नोटीसच मिळाली नव्हती असे दाखवता आले तर मात्र कधीही जाता येते. या प्रकरणांत सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही. कागदपत्रे इंग्रजीत हवीत किंवा सोबत भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासह इंग्रजी भाषांतर हवे. म्हणजे मंडणगडच्या पोलीस ठाण्यातली मराठी फिर्याद किंवा ग्रामपंचायतीचा दाखला तसाच्या तसा चालत नाही. अपील मंडळाचे कार्यालय व्हर्जिनिया राज्यात फॉल्स चर्च येथे आहे, आणि वकील नसलेल्या माणसाने टपालाने पाठवलेला कागद तिथे ज्या दिवशी पोहोचेल तोच दाखल झाल्याचा दिवस धरतात. तो पेटीत कधी टाकला, याला किंमत नाही. दुसऱ्या बाजूला, याच व्यवस्थेच्या स्थलांतर न्यायालयांत २०२४ अखेर ३० लाखांहून अधिक प्रकरणे तुंबून पडली होती. सरकारच्या सोयीने खटला वर्षानुवर्षे पडून राहतो आणि त्याच खटल्यातल्या माणसाला मात्र दिवस मोजून मिळतात.

त्या मुलाचे कागद मी सभेच्या आधीच पाहिले होते. त्याची आई मंडणगड तालुक्यातल्या एका वाडीतून सकाळच्या एस. टी.ने आली होती आणि साडीच्या दुकानाच्या पिशवीतून तिने एकेक कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. मुलाच्या मित्राने गावी येताना ते आणून दिले होते. त्यात निकालाचे पाकीट होते. त्यावरचा मूळ पत्ता एका स्थानबद्धता केंद्राचा होता. त्यावर पिवळी पट्टी चिकटवलेली होती आणि पट्टीवर दुसऱ्याच राज्यातल्या केंद्राचा पत्ता छापलेला होता, कारण निकाल टपालात पडेपर्यंत मुलाला तिकडे हलवले होते. पाकिटाच्या मागे त्याने बॉलपेनने ‘मिळाले’ एवढा एकच मराठी शब्द लिहून खाली तारीख घातली होती. निकालाची तारीख आणि ही तारीख यांच्यात २६ दिवसांचे अंतर होते. त्या वेळी अपिलाला ३० दिवस होते. उरलेल्या चार दिवसांत त्याने तो इंग्रजी निकाल कोणाकडून तरी समजून घ्यायचा, अपिलाचा नमुना मिळवायचा, भरायचा आणि तो फॉल्स चर्चला पोहोचेल असे बघायचे. अपील नऊ दिवस उशिरा पोहोचले. त्याच्या म्हणण्यात किती तथ्य होते, याचा निर्णय माझ्या टेबलावर होणार नव्हता. तो जिथे व्हायला हवा होता, तिथेही झाला नाही.

आता विरुद्ध बाजूचा पहिला मुद्दा, आणि तो खरा आहे. वाद कधीतरी संपला पाहिजे. आज दिलेला निकाल दहा वर्षांनी कोणीही उकरून काढू शकणार असेल तर निकालाला अर्थ राहत नाही; साक्षीदार मरतात, कागद कुजतात, आठवणी पुसट होतात. चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुरात किती घरांतले खरेदीखतांचे आणि दाव्यांचे कागद लगदा होऊन बाहेर आले, हे ज्यांनी पाहिले त्यांना मुदतीच्या कायद्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून ‘मुदती रद्द करा’ म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. मुदत नसेल तर आळशी पक्षकार आणि चतुर वकील यांचे फावते, आणि वेळेत सगळे करून रांगेत उभा असलेला माणूस मागे पडतो. पण वाद संपवण्यासाठी मुदत हवी, हे मान्य केल्याने ती कोणत्या क्षणापासून मोजायची आणि चुकल्यास पुढे काय, हे प्रश्न सुटत नाहीत. आमच्या कोकणाने हे प्रश्न स्वतःच्या शेतात उभे राहून सोसलेले आहेत.

कूळ कायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. पण जमीनमालक विधवा, अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) किंवा अपंग असेल तिथे कुळाचा हक्क पुढे ढकलला गेला, आणि मालकाची ती अवस्था संपल्यावर कायद्याने ठरवलेल्या मुदतीत कुळाने मालकाला आणि शेतजमीन न्यायाधिकरणाला खरेदीची इच्छा कळवायची, असे कलम ३२फ ने सांगितले. कागदावर हे साधे वाटते. पण मालकीणबाई गिरगावात किंवा दादरला, आणि कूळ वाडीत भात लावणारे. त्या बाई वारल्या कधी, मालकाचा मुलगा सज्ञान झाला कधी, हे कुळाला सांगणार कोण? मुदत सुरू झाल्याची माहिती ज्याच्याजवळ होती, मुदत संपल्याचा फायदाही त्यालाच होणार होता. १९६९ च्या दुरुस्तीने, ज्या कुळांचे अज्ञान मालक तोपर्यंत सज्ञान झाले होते आणि जमीन ज्यांच्या ताब्यात होती, अशा कुळांना कळवण्यासाठी आणखी दोन वर्षे दिली. विधवांच्या बाबतीत मात्र १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानेच कडक अर्थ लावला: कुळाने वेळेत कळवले नाही, हक्क गेला, माहीत नव्हते ही सबब चालणार नाही. पुढे २० वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, पडवे विरुद्ध सावंत या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ बाजूला सारला आणि विधवेचा जमिनीतला हितसंबंध संपल्याची माहिती तिच्या वारसाने कुळाला दिली पाहिजे, असा अर्थ लावला. मुदत रद्द झाली नाही. ती सुरू झाल्याचे ज्याला कळलेच नाही त्याच्याविरुद्ध ती चालवायची नाही, एवढेच ठरले. पण कृषक दिनापासून हे ठरायला ६२ वर्षे लागली आणि मधल्या काळात किती कुळांच्या सातबाऱ्यावरची नावे गेली, ते गावागावांतले फेरफार सांगतील.

विरुद्ध बाजूचा दुसरा मुद्दा याहून धारदार आहे आणि सभागृहात तो कोणी नीट मांडला नाही, म्हणून मीच मांडतो. दिवाणी दाव्यात अपील उशिरा करून कोणाचा फायदा होत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात विलंब माफीबाबत उदार धोरण घ्यायला सांगितले, त्यामागे हेच गृहीत होते: उशीर करून पक्षकार काही कमावत नाही, उलट आपले अपील दारातच मरण्याचा धोका पत्करतो. पण हद्दपारीत तसे आहे काय? तिथे तर प्रत्येक जास्तीचा दिवस हा त्या देशात काढलेला जास्तीचा दिवस असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये डोहर्टी प्रकरणात नेमके हेच म्हटले, की ज्याला केवळ राहायचे आहे त्याला प्रत्येक विलंब उपयोगी पडतो. दोन देशांची दोन सर्वोच्च न्यायालये, एकाच प्रश्नावर दोन उलट गृहीतके. मग हद्दपारीपुरते अमेरिकेचेच बरोबर नाही का?

१९९२ साली ते बऱ्याच अंशी बरोबर असेल. पण १९९६ च्या कायद्याने पायाच बदलला. त्यानंतर संघीय न्यायालयात अर्ज दाखल केला म्हणून हद्दपारी आपोआप थांबत नाही. न्यायालयाने वेगळी स्थगिती दिली तरच थांबते. अर्ज चालू असतानाच माणसाला विमानात बसवता येते. अशा व्यवस्थेत मुदत चुकवून कोणी काय साधणार? मुदत चुकली की आदेश लगेच अंमलात येऊ शकतो. वेळेत आलेला अर्जच उलट स्थगितीची आशा देतो. उशिरा येणाऱ्याचा फायदा होतो हा आक्षेप त्यामुळे तिथेच गळतो. शिवाय ज्याच्याबद्दल बोलतो आहोत तो बहुधा कोठडीत आहे. तिथला प्रत्येक दिवस त्याला फायद्याचा वाटत असेल असे म्हणणाऱ्याने आमच्या जिल्हा कारागृहाच्या भेटीच्या खिडकीपाशी एक सकाळ उभे राहून पाहावे.

मुदतीचा अर्थ किती टोकाला जाऊ शकतो, हे २६ जून २०२५ च्या रायली विरुद्ध बाँडी या निकालात दिसते. अर्जदार जमैकाचा नागरिक. त्याच्यावर अंमली पदार्थांचा गुन्हा सिद्ध झालेला होता, आणि आपल्याला हद्दपार करता येते हे त्याने नाकारलेच नव्हते. मायदेशी पाठवले तर एक गुन्हेगारी म्होरक्या आपल्याला मारेल, म्हणून तिकडे पाठवू नका, असे संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराखाली त्याचे म्हणणे होते. स्थलांतर न्यायाधीशाने ते मान्य केले, अपील मंडळाने फिरवले, आणि त्यानंतर तीनच दिवसांत तो संघीय न्यायालयात गेला. तरीही त्याला मुदतबाह्य ठरवले गेले, कारण ३० दिवस हद्दपारीच्या मूळ प्रशासकीय आदेशापासून मोजायचे, आणि तो आदेश मंडळाच्या निकालाच्या वर्षभराहून अधिक आधी झालेला होता. ज्या निर्णयाविरुद्ध दाद मागायची तो निर्णय जन्मालाही आला नव्हता, तेव्हाच त्याची मुदत संपून गेलेली! सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ही मोजणी कायम ठेवली. मात्र त्याच निकालात न्यायालयाने दुसरी गोष्ट सांगितली आणि माझ्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे: ही ३० दिवसांची मुदत न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राची सीमा नाही, ती कामकाजाचा नियम आहे. १९९५ च्या स्टोन प्रकरणातल्या शब्दांचा आधार घेऊन खालची न्यायालये जवळजवळ ३० वर्षे उलट मानत आली होती.

फरक केवळ शब्दांचा आहे, असे बिगरवकील वाचकाला वाटेल. तो तसा नाही. मुदत अधिकारक्षेत्राची असेल तर न्यायाधीशाला सहानुभूती असूनही हात बांधलेले असतात. सरकारने आक्षेप घेतला नाही तरी त्याने अर्ज परत करायचा. मुदत कामकाजाची असेल तर सरकार आक्षेप सोडून देऊ शकते आणि निदान ‘का उशीर झाला’ हा प्रश्न विचारण्याला वाट राहते. दार कुलूपबंद आहे की नुसते लोटलेले आहे, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला विचारा.

त्याच वर्षी, २२ एप्रिल २०२५ रोजी, आणखी एक निकाल आला. स्वखुशीने देश सोडण्यासाठी एकाला ६० दिवस दिले होते आणि साठावा दिवस शनिवारी आला. सोमवारी केलेली कृती वेळेत धरायची की नाही, एवढाच प्रश्न. अपील मंडळाने आणि खालच्या न्यायालयाने नाही म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी, मुदत सुटीच्या दिवशी संपत असेल तर ती पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत जाते, असे ठरवले. एका शनिवारसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि तिथेही चार न्यायमूर्ती विरोधात होते. आपल्याकडे सर्वसाधारण खंड अधिनियमात हा नियम १८९७ पासून लिहून ठेवलेला आहे, मुदतीच्या कायद्यातही आहे, आणि रत्नागिरीच्या न्यायालयातला नवखा कारकूनही तो सांगेल. आपली न्यायव्यवस्था सरस आहे असे मला सुचवायचे नाही. आपल्याकडे तारखा पडण्याचा रोग वेगळाच आहे. पण मुदत माणसासाठी वाकवता येते आणि ती वाकवल्याने न्यायालये कोसळत नाहीत, याचा सव्वाशे वर्षांचा पुरावा आपल्याजवळ आहे. करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ देशभरच्या मुदतींतून वगळला. जवळपास दोन वर्षे! त्याने दिवाणी न्याय बुडाला काय?

मग वकिलाच्या चुकीचे काय? इथे लोक हमखास म्हणतात की वकील तुम्हीच नेमला, भोगा. २०१५ च्या माटा विरुद्ध लिंच प्रकरणात पहिल्या वकिलाने अपिलाची सूचना दिली आणि लेखी युक्तिवाद दाखलच केला नाही. अपील गेले. नव्या वकिलाने १०० हून अधिक दिवसांनी प्रकरण पुन्हा उघडायची विनंती केली तेव्हा ९० दिवस उलटून गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने मुदत माफ केली नाही, पण अशी माफी नाकारल्याचा निर्णय तपासायला संघीय न्यायालयांना अधिकार आहे, एवढे ठासून सांगितले. आपल्याकडे १९८१ साली रफिक विरुद्ध मुन्शीलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याहून स्पष्ट शब्दांत म्हटले होते, की वकील नेमून, फी देऊन, विश्वासाने घरी बसलेल्या पक्षकाराला वकिलाच्या कसुरीची शिक्षा देऊ नये. त्या निकालाचा आधार मी अनेकदा घेतला आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही, कारण खेड्यातला पक्षकार वकिलावर नजर ठेवू शकत नाही हे मला रोज दिसते. मग इंग्रजी न येणारा, कोठडीत असलेला, दुसऱ्या खंडातला पक्षकार ती कशी ठेवणार?

नोटिशीचेही तसेच. आमच्याकडे जून महिन्यात वाडीतली निम्मी घरे कुलूपबंद असतात. बेलिफ येतो, दोन पंचांसमक्ष नोटीस दारावर डकवतो आणि बजावणी झाल्याचा अहवाल देतो. चाकरमानी गणपतीला येतात तेव्हा दारावर खळीचा डाग आणि कागदाचा एक भिजका कोपरा उरलेला असतो. दाव्यात एकतर्फी हुकूमनामा झालेला असतो. तरीही आपला मुदत कायदा म्हणतो की समन्सची बजावणी रीतसर झालेली नसेल तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचे ३० दिवस तो कळल्यापासून मोजा. अमेरिकेच्या कायद्यातही नोटीस न मिळालेल्यासाठी अशी सोय आहे, हे मी वर सांगितले. पण नोटीस मिळाली नाही हे सिद्ध करायचे त्या माणसानेच, आणि प्रत्येक वेळी पत्ता बदलला की सरकारला कळवण्याची जबाबदारीही त्याचीच. त्या मुलाला केंद्रातून केंद्रात हलवणारे सरकार, आणि त्याचा नवा पत्ता माहीत असणारेही सरकारच होते.

आणखी एक आक्षेप असा, की आश्रयाचे वर्ष चुकले तरी हद्दपारी रोखण्याचा दुसरा मार्ग उघडा राहतो, त्याला एक वर्षाची अट नाही. मग तक्रार कसली? मार्ग आहे, पण तो अरुंद आहे. आश्रयासाठी छळाची साधार भीती पुरते, आणि १९८७ च्या कार्डोझा-फोन्सेका निकालाप्रमाणे दहात एक एवढी शक्यताही त्यासाठी पुरी पडू शकते. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्याला मात्र छळ होण्याची शक्यता न होण्यापेक्षा जास्त आहे, असे दाखवावे लागते. दहात चार वेळा मारला जाण्याची शक्यता असलेला माणूस एक वर्षाच्या आत आला तर वाचतो आणि तेराव्या महिन्यात आला तर परत पाठवला जातो. त्या एका महिन्यात त्याच्यावरचा धोका कमी झाला काय? आणि दुसऱ्या मार्गाने जो वाचतो त्याला कायम वास्तव्याची वाट मिळत नाही, बायकामुलांना आणता येत नाही.

रत्नागिरीला हद्दपारी नवी नाही. ब्रह्मदेशाचा राजा थिबा कोणत्याही सुनावणीविना इथे आणला गेला आणि १९१६ साली इथेच वारला. पण मला इथे आठवतात ते सावरकर, ज्यांना १९२४ ते १९३७ या काळात याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवले होते. त्यांच्या विचारांबद्दल कोणाचे काय मत आहे, हा इथला विषय नाही. जुलै १९१० मध्ये मार्सेलिसच्या बंदरात बोटीतून उडी मारून ते फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केले. हे प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात लवादाने म्हटले की ती अटक व ताबा देणे नियमाला धरून नव्हते, पण एवढ्यामुळे कैद्याला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही. चूक फ्रेंच पोलिसाची, वाद दोन सरकारांचा, आणि परिणाम भोगणारा तिसराच माणूस, जो त्या लवादापुढे पक्षकारही नव्हता. चूक झाली हे मान्य करायचे आणि तिची भरपाई मात्र होऊ शकत नाही म्हणायचे, ही त्या निवाड्यातली जी गोष्ट मराठी माणसाला शंभर वर्षे खुपते आहे, तीच उशिरा पोहोचलेल्या टपालाच्या बाबतीत आपल्याला इतकी सहज कशी पटते?

आणि हा प्रश्न केवळ टेक्सास–लुईझियानाच्या कोठड्यांपुरता ठेवला तर आपण अप्रामाणिक ठरू. आसाममध्ये परकीय नागरिक न्यायाधिकरणांनी १९८५ ते फेब्रुवारी २०१९ या काळात ६३,९५९ जणांना एकतर्फी सुनावणीत परकीय ठरवले, हे केंद्र सरकारनेच लोकसभेत सांगितले होते. ३१ ऑगस्ट २०१९ च्या नागरिक नोंदवहीतून १९,०६,६५७ जण वगळले गेले. एकतर्फी म्हणजे तो माणूस समोर नव्हता. तो पळाला होता, पुरात अडकला होता, मजुरीला परगावी गेला होता की नोटीस दुसऱ्याच्याच दारावर डकवली होती, हे त्या आकड्यातून कळत नाही. आपल्या मुलाला परक्या देशात ऐकून घेतले जावे असे वाटत असेल, तर ब्रह्मपुत्रेच्या काठावरच्या मजुरालाही ऐकून घेतले गेले पाहिजे, आणि उद्या आमच्या मासेमारी बंदरावर परप्रांतीय खलाशाला बांगलादेशी म्हणून पकडले तर त्यालाही. छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अजून मान्यता दिलेली नाही. दुसऱ्याच्या देशात ज्या कराराखाली आपली माणसे संरक्षण मागतात, तो आपल्या घरात लागू नाही, हे वाचनालयातल्या त्या सभेत कोणीतरी सांगायला हवे होते. मीही ते त्या दिवशी सांगितले नाही, ही माझी चूक झाली.

अमेरिकेचा कायदा आपण इथे बसून बदलणार नाही. पण इथून करता येण्यासारखे थोडेथोडके नाही. परदेशातल्या भारतीयांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. वकिलातींना त्यातून अडचणीतल्या माणसाला कायदेशीर मदत देता येते, आणि ती मागण्यासाठी घरचेही तिकडे लेखी कळवू शकतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने ठरवले तर फिर्याद, दाखले, प्रतिज्ञापत्रे यांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरे तालुक्याच्या ठिकाणी मोफत करून देणे अवघड नाही. आज त्यासाठी लोक मुंबईला खेपा घालतात आणि त्यातच आठ-दहा दिवस जातात. माझ्याकडे अशी घरे येतात तेव्हा मी पहिल्याच भेटीत सांगतो की निकालाचा पहिला कागद आल्या दिवशी फोटो काढून पाठवायला सांगा, जागा बदलली की नवा पत्ता त्याच दिवशी न्यायालयाला लेखी कळवायला सांगा, आणि पाकीट फेकू नका. त्यावरचे शिक्के राहू द्या आणि ज्या दिवशी हातात पडले ती तारीख मागे लिहून ठेवा. त्या मुलाने हे कोणी न सांगताच केले होते. ती तारीख पाहायला तिकडे कोणी पाकीट उलटे केले नाही.